पाटे वाढवून गाडी मऊ होत नाही

मागच्या महिन्यात स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्याने विचारलं, "सर, तुमच्या भावाची पिकअप आहे ना? माझ्या मेहुण्यानेही घेतलीय. फार आदळते हो. दोन पाटे वाढवले की मऊ होईल, असं सगळे म्हणतात." मी म्हणालो, "होणार नाही. उलट जास्त आदळेल." ते हसले. "तुम्ही उर्दू-मराठी शिकवणारे. गाडीतलं तुम्हाला काय कळतं?"

खरं आहे, मला काही कळत नव्हतं. कळलं ते आमच्या घराने किंमत मोजल्यावर. ती किंमत आणखी कुणाला मोजावी लागू नये म्हणून लिहितोय. आणि राग आला आहे म्हणूनही लिहितोय. तो कुणाकुणाचा ते पुढे येईलच. त्यात मीही आहे.

आधी दोन शब्द. पिकअपच्या मागच्या चाकांवर एकावर एक रचलेल्या पोलादाच्या वाकलेल्या पट्ट्या असतात. आपल्याकडे त्यांना पाटे म्हणतात आणि सगळ्या जुडग्याला कमान. कमान हा शब्द फारसीतून आला. तिथे त्याचा अर्थ धनुष्य. मराठीने तो दरवाजाच्या कमानीला दिला, घड्याळाच्या स्प्रिंगला दिला आणि गाडीच्या पाट्यांनाही दिला. धनुष्य वाकतं आणि परत आपल्या जागी येतं, यातच त्याचं सगळं काम आहे. वाकणार नाही असं धनुष्य केलं तर ती काठी झाली. पिकअपच्या बाबतीत आपण नेमकं तेच करतो आणि त्याला गाडी "सुधारली" असं म्हणतो.

माझा धाकटा भाऊ तासगाव भागातून द्राक्षं भरतो आणि रत्नागिरीकडे नेतो. हंगाम दोन-तीन महिन्यांचा. गाडी दीड टन मालाची. चार किलोची पेटी धरली, खोक्याचं वजन धरलं, तर कायद्याने साडेतीनशेच्या आसपास पेट्या बसतात. हुंडेकरी सांगतो, साडेपाचशे घे. नाही म्हटलं तर मागे दुसरा उभाच असतो. पहिल्या हंगामात गाडी मागून बसली. खड्ड्यात गेली की खाली ठोकर लागायची. भाऊ मिरजेच्या एका जुन्या उस्तादांकडे गेला. मीही सोबत होतो, कारण गाडीच्या कर्जाला जामीन मी आहे.

उस्तादांनी गाडीखाली वाकून पाहिलं, हात पुसले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्टर, पाटा बढाया तो गाडी सख्त होती, नरम नै होती. माल कम करो." भावाला ते पटलं नाही. त्याने मला बाजूला घेतलं, "भाई, म्हातारा झालाय. याला धंदा नको आहे." मी काय केलं? मी मान डोलावली. बी.एड. झालेला, रोज साठ मुलांना शिकवणारा मी. पन्नास वर्षं पाट्यांखाली घालवलेल्या माणसाचं म्हणणं मी म्हातारपणाच्या खात्यात टाकलं. दुसऱ्या दुकानात एका तासात सहाचे आठ पाटे झाले. वाढवलेले दोन भंगारातले, दुसऱ्याच गाडीचे. गाडी मागून उंच झाली, भाऊ खूश झाला.

आता उस्ताद काय म्हणत होते ते समजून घेऊ. रॉबर्ट हूकने १६७८ साली छापलेला स्प्रिंगचा नियम आपण शाळेत पाठ करतो: जेवढा जोर, तेवढा ताण. तोच नियम इथे चालतो. एकाच जाडीचे सहा पाटे होते, त्यांचे आठ केले, तर कमानीचा कडकपणा साधारण एक-तृतीयांशाने वाढतो. म्हणजे तेवढंच दाबायला एक-तृतीयांश जास्त वजन लागतं. पूर्ण भरलेल्या गाडीत हे जाणवत नाही, कारण वजन भरपूर असतं. पण गाडी परत येताना रिकामी असते. कमानीवरचं वजन चौथाईवर आलं तर तीच कमान दुप्पट वेगाने वर-खाली होते. त्यात कडकपणा वाढवला की वेग आणखी वाढतो. माणसाला सेकंदाला एक-दीड वेळा होणारं झुलणं सुसह्य वाटतं. चालताना शरीर साधारण तेवढंच हलतं. सेकंदाला चार ते आठ वेळा होणारी उभी थरथर ही पाठीच्या कण्याला आणि पोटाला सगळ्यात जास्त बोचते. पाटे वाढवून आपण गाडीला मऊपणाकडून या थरथरीकडे ढकलतो. भाऊ आंबा घाट चढून रिकामा परत यायचा तेव्हा त्याची कंबर हा नियम शिकत होती.

आणि द्राक्षं? तीही वाचली नाहीत. कारण गाडीचं हलणं थांबवणं हे पाट्यांचं काम नाही, ते शॉकअपचं काम आहे. पाटा धक्का घेतो, शॉकअप त्याचं झुलणं शमवतो. आपण वजन वाढवलं, पाटे वाढवले आणि शॉकअप तेच जुने, तेल गळणारे ठेवले. मग एका खड्ड्यात गेलेली गाडी पुढची शंभर पावलं डुलत जाते, आणि पेटीतले मणी देठापासून सुटत जातात. खालच्या थरातल्या पेट्या वरच्या वजनाने चेपतात, ते वेगळंच. रत्नागिरीत पेटी उघडली की व्यापारी म्हणणार मणीगळ, आणि पैसे कापणार. हुंडेकऱ्याचे नाही, ड्रायव्हरचे.

आणखी एक गोष्ट आहे, जी पाटे वाढवणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असते. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलजवळ ब्रेकचा एक व्हॉल्व्ह असतो. चॅसी आणि ॲक्सल यांच्यातलं अंतर किती कमी झालं यावरून तो गाडीत माल किती आहे ते ओळखतो. गाडी दबली म्हणजे भरलेली आहे, मागच्या चाकांना ब्रेक जास्त द्या. गाडी उंच आहे म्हणजे रिकामी आहे, कमी द्या, नाहीतर चाकं घसरतील. आता तुम्ही कमान कडक करून गाडी उंच ठेवली. आत अडीच टन माल आहे आणि व्हॉल्व्ह समजतो गाडी जवळपास रिकामी आहे. घाट उतरताना मागचा ब्रेक लागायला हवा तेवढा लागत नाही. मऊ प्रवासाच्या नादात आपण ब्रेकला फसवतो.

पाटा म्हणजे नुसता धक्का खाणारी पट्टी नव्हे, हेही त्या दिवशी कळलं. पिकअपचा मागचा ॲक्सल जागेवर धरून ठेवतात ते पाटेच. सगळ्यात वरच्या मेन पाट्याच्या दोन टोकांना डोळे असतात, त्यांतून बोल्ट जातात, आणि त्यांच्यावर सगळी गाडी टांगलेली असते. भंगारातल्या पाट्यांचा वाक वेगळा होता. ते बाकीच्यांना अंगभर टेकत नव्हते, त्यामुळे जोर वाटून न जाता एका जागी साठत गेला. मार्चमध्ये आंबा घाट उतरताना, ब्रेक दाबलेला असताना, डाव्या बाजूचा मेन पाटा डोळ्याजवळ तुटला. ॲक्सल सरकला आणि गाडी तिरकी होऊन डोंगराच्या बाजूच्या गटारात बसली. दुसऱ्या बाजूला दरी होती. एवढंच म्हणतो, अल्लाहचे उपकार. पेट्यांवर बसलेल्या हमालाचा हात मात्र मोडला. एकोणीस वर्षांचा मुलगा. त्याला पेट्यांवर बसवायलाच नको होतं. पण पुढे जागा नव्हती, आणि माल उतरवायला माणूस हवा होता.

हे सांगितलं की तीन उत्तरं येतात. तिन्ही मी ऐकली आहेत, पहिली दोन मी स्वतः दिलीही आहेत.

पहिलं उत्तर: सगळेच करतात. बरोबर आहे. म्हणूनच हमरस्त्याच्या कडेला तुटलेला पाटा आणि जॅकवर चढवलेली पिकअप दिसली तर आपण मान वळवूनही बघत नाही. सगळे करतात म्हणून पोलाद आपला स्वभाव बदलत नाही.

दुसरं उत्तर: पोट भरायचं तर जास्त माल घ्यावाच लागतो. हे उत्तर मी टाळणार नाही, कारण हे देणारा माणूस खोटं बोलत नसतो. म्हणून मे महिन्यात मी आणि भाऊ वही घेऊन बसलो. जास्तीच्या दोनशे पेट्या, पेटीमागे १५ रुपये, म्हणजे फेरीला ३,००० रुपये. हंगामात २५ फेऱ्या झाल्या. जास्तीची कमाई ७५,००० रुपये. आता दुसरं पान. वजनकाट्यावर पकडल्याची एक पावती, २२,०००. मागचे दोन टायर वेळेआधी गेले, १५,०००. मेन पाटा दोनदा, बुश आणि मजुरी, ९,०००. क्लच प्लेट ११,०००. ब्रेक लायनर ४,०००. मणीगळीची कपात १२,०००. बेरीज ७३,०००. हाती उरले २,०००. कमरेच्या एम.आर.आय.ला साडेसहा हजार लागले होते. हमालाच्या हाताचा खर्च मी या वहीत लिहिलाच नाही, भावाने लिहू दिला नाही.

ही एका घराची वही आहे. दुसऱ्या कुणाची बेरीज वेगळी येईल. पण पिकअपवाल्या प्रत्येकाने एकदा तरी ती करून बघावी. जास्तीच्या मालाचा खरा फायदा कुणाला झाला? हुंडेकऱ्याला झाला, त्याची एक गाडी वाचली. व्यापाऱ्याला झाला, त्याचं भाडं उतरलं. बाजारात पेटी पाच रुपयांनी स्वस्त घेऊन गेलेल्या तुम्हा-आम्हालाही झाला. तोटा सगळा एका माणसाच्या कमरेत आणि एका गाडीच्या कमानीत जिरला. आणि कायद्यालाही तोच सापडतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ मध्ये जादा भाराला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० असा दंड आहे. कायदा चूक आहे असं मी म्हणत नाही. पण काट्यावर गाडी उभी राहते तेव्हा खाली उतरतो तो ड्रायव्हर. "साडेपाचशे घे" असं फोनवर सांगणारा हुंडेकरी त्या पावतीवर कुठेच नसतो.

तिसरं उत्तर मला सगळ्यात जास्त बोचतं: मिस्त्रीला काय कळतं? हे उत्तर फार लांबून येतं. आपल्याकडे "पंक्चरवाले" ही शिवी झाली आहे. निवडणुकीच्या दिवसांत, व्हॉट्सॲपवर, कधी वर्गातल्या मुलांच्या तोंडीसुद्धा. कुणाला म्हणतात ते सगळ्यांना माहीत आहे. ज्याने रात्री अकरा वाजता तुमचं कुटुंब रस्त्यावरून घरी पोचवलं, त्याच्या कामाचीच शिवी करायची. ही शिवी देणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही. त्यांची गाडी कधी ना कधी बंद पडेलच.

माझा वाद आपल्या लोकांशी आहे. या शिवीने आपण दुखावतो, आणि घरी येऊन तीच मुलाला देतो. "अभ्यास कर, नाहीतर गॅरेजवर बसावं लागेल." मी वर्गात हे वाक्य किती वेळा बोललो असेन, त्याचा हिशेब मला द्यावा लागला तर मान वर करता येणार नाही. स्वतःच्या कामाने घर चालवणाऱ्यांचं प्रमाण मुसलमानांत मोठं आहे, हे २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालातही आहे. म्हणजे माझ्या वर्गातल्या किती मुलांचे बाप हातात पाना घेऊन जगतात ते मला ठाऊक होतं. आणि मी त्यांच्यासमोरच त्या पान्याला शिक्षा ठरवत होतो.

मिरजेचा माणूस म्हणून मला हे जास्त लागतं. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जी.आय. मानांकन मिळालं. आम्ही सगळ्यांनी अभिमानाने फोटो टाकले. ज्या शिकलगार घराण्यांनी हे काम उभं केलं ते मुळात हत्यारांना धार लावणारे, लोखंडाशी खेळणारे लोक. भोपळा, लाकूड आणि तार यांच्याशी त्यांची बोटं बोलायला लागली आणि त्यांना उस्ताद म्हटलं गेलं. त्यांचा मान योग्यच आहे. मग पाट्याला किती "पाणी" दिलंय हे नुसत्या ठोक्याच्या आवाजावरून ओळखणारा माणूस उस्ताद नाही का? वेल्डिंग करून पाटा जोडू नको, तापवलं की त्याचं पाणी उतरतं, मग तो पाटा राहत नाही, हे तो सांगतो तेव्हा धातुशास्त्रच सांगत असतो. ऊसतोडीचा कोयता जुन्या गाडीच्या पाट्यापासून का करतात, हे गावच्या लोहाराला विचारा. तोही तेच सांगेल. उस्तादचाच मराठीत वस्ताद झाला. तालमीत आपण त्याच्या पाया पडतो. गॅरेजमध्ये मात्र त्याच्याशी दहा रुपयांसाठी हुज्जत घालतो.

बी.एड.ला आम्हाला एक सूत्र शिकवलं होतं, "ज्ञाताकडून अज्ञाताकडे". मुलाला जे माहीत आहे तिथून सुरुवात करा. माझ्या शाळेपासून पाटेवाल्याचं दुकान चालत सात मिनिटांवर आहे. विज्ञानाच्या शिक्षकांनी स्प्रिंगचा नियम फळ्यावर शिकवला, मी कमान शब्दाची व्युत्पत्ती शिकवली, आणि इतक्या वर्षांत आम्हा दोघांपैकी कुणीही मुलांना तिथे घेऊन गेलं नाही. जुलैमध्ये आम्ही गेलो. उस्तादांनी एक पाटा दोन दगडांवर ठेवला, एका मुलाला वर उभं केलं, मग दोघांना, मग दुसरा पाटा चढवून पुन्हा दोघांना. किती वाकलं ते पट्टीने मुलांनीच मोजलं. माझा पुतण्या त्या वर्गात होता. दहावीला आहे. घरी येऊन म्हणाला, "मोठे अब्बा, मला आय.टी.आय.ला मोटार मेकॅनिक करायचंय." घरात शांतता पसरली. सगळे माझ्याकडे बघत होते, मास्तर काय म्हणतो म्हणून. मी होय म्हणालो. आधी चांगले गुण आण, असंही म्हणालो. मास्तराची सवय जात नाही.

आता ज्यांना खरोखर गाडी मऊ हवी आहे त्यांच्यासाठी, उस्तादांनी आमच्या गाडीवर जे केलं ते सांगतो. वाढवलेले दोन पाटे काढून भंगारात दिले. मूळ मापाचा नवा मेन पाटा घातला. सगळी कमान उघडून गंज घासला आणि पाट्यांच्या मध्ये ग्रीस भरलं. गंजलेले पाटे एकमेकांवर सरकत नाहीत, मग छोट्या खड्ड्यातही सगळा धक्का सरळ वर येतो. अर्धा आदळेपणा तर तिथेच गेला. झिजलेले बुश बदलले. चारही शॉकअप नवे, कंपनीच्याच मापाचे. यू-बोल्ट घट्ट केले आणि आठवड्याने पुन्हा कसायला बोलावलं. हवा मालाप्रमाणे ठेवायला सांगितली: भरताना कंपनीने लिहिली आहे तेवढी पूर्ण, रिकामं येताना पुस्तिकेत दिली आहे तेवढी कमी. ज्यांच्या गाडीला कंपनीकडूनच खाली हेल्पर पाटे आहेत, जे भार आल्यावरच टेकतात, त्यांनी ते जागेवर नीट आहेत का ते तपासावं. पाटे थकून बसले असतील तर मूळ मापाचा नवा संच घालावा. ती दुरुस्ती आहे, चोरी नाही. आणि सगळ्यात शेवटी उस्तादांनी तेच सांगितलं जे पहिल्या दिवशी सांगितलं होतं. माल कमी करा.

भाऊ आता चारशेच्या आत पेट्या घेतो. साडेतीनशेच घे असं मी म्हणतो, आमचं भांडण चालू आहे. तो एकटा साडेतीनशेवर आला तर हुंडेकरी उद्या त्याला उभा करणार नाही, हे मलाही कळतं. म्हणून मागणी एकट्या ड्रायव्हरकडे नाही. एका नाक्यावरच्या पिकअपवाल्यांनी मिळून ठरवावं, जात-धर्म न बघता. कारण मागच्या फळीवर "माँ की दुआ" लिहिलेलं असो की "आईचा आशीर्वाद", खालचा पाटा सारख्याच वजनाला तुटतो. जादा भाराच्या पावतीवर माल भरायला लावणाऱ्याचंही नाव यावं. आय.टी.आय.मध्ये अशा उस्तादांना मानधन देऊन शिकवायला बोलवावं, ते कुणाच्या मेहेरबानीने नव्हे, त्यांना येतं म्हणून. आणि आपण शिक्षकांनी गॅरेजला शिक्षा म्हणणं आजपासून बंद करावं.

सहकाऱ्यांच्या मेहुण्याला मी उस्तादांचा पत्ता दिला आहे. सोबत निरोपही दिला: ते नाही म्हणाले, तर दुसऱ्या दुकानात जाऊ नका.